काउंट इग्नातिएव्ह: पेकिंगमध्ये जिंकला, सान स्तेफानोत हरला. मुत्सद्दी म्हणून खरंच एवढा मोठा होता का?

दप्तरदार

१९व्या शतकातल्या रशियन मुत्सद्द्यांचा विषय निघाला की काउंट निकोलाय पावलोविच इग्नातिएव्ह (१८३२–१९०८) हे नाव हमखास वर येतं. "कामाचा माणूस तोच, परराष्ट्रमंत्री गोर्चाकोव्ह वगैरे नुसते खलिते लिहिणारे" असं म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते पटत नाही. का पटत नाही ते मांडतो, मग खुशाल तुटून पडा.

माहिती नसलेल्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. १८२५च्या बंडात बाप झारशी एकनिष्ठ राहिला, त्यामुळे घराण्यावर मर्जी. पोराच्या बाप्तिस्म्याला खुद्द युवराज अलेक्झांडर (पुढचा झार अलेक्झांडर दुसरा) धर्मपिता. शाही पाल्यांच्या लष्करी शाळेतून गार्ड्समध्ये, क्रिमियाच्या युद्धानंतर लंडनच्या वकिलातीत लष्करी प्रतिनिधी, १८५८ मध्ये खिवा आणि बुखाऱ्याची शिष्टाई, १८५९ मध्ये चीन, तिशीच्या आत मेजर जनरल. १८६१ पासून परराष्ट्र खात्याच्या आशियाई विभागाचा प्रमुख, १८६४ ते १८७७ कॉन्स्टँटिनोपलला वकील आणि मग राजदूत. ३ मार्च १८७८ ला रशिया-तुर्की युद्ध संपवणारा सान स्तेफानोचा तह. १८८१-८२ मध्ये जेमतेम वर्षभर गृहमंत्री, आणि पन्नाशीला घरी.

त्याचा सगळा लौकिक पेकिंगवर उभा आहे, तेव्हा तेच नीट बघू. १८५८च्या ऐगुन कराराने अमूर नदीच्या उत्तरेचा मुलूख रशियाकडे गेला होता, पण उसुरी नदीच्या पूर्वेचा, समुद्रापर्यंतचा पट्टा दोघांचा सामाईक म्हणून लोंबकळत ठेवला होता. पेकिंग दरबार तर ऐगुनच मानायला तयार नव्हता. सुशुन नावाच्या मंचू सरदाराने इग्नातिएव्हला जवळपास वर्षभर बोलण्यात झुलवलं. मे १८६० मध्ये हा वैतागून शहर सोडून किनाऱ्याकडे गेला आणि चीनशी लढायला आलेल्या इंग्रज-फ्रेंच फौजेच्या मागोमाग परत आला. पेकिंगात रशियन ऑर्थोडॉक्स मिशन पिढ्यान्‌पिढ्या होतं, त्यामुळे शहराचा चांगला नकाशा त्याच्यापाशी होता. तो त्याने दोस्तांच्या हवाली केला. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी उन्हाळी राजवाडा जाळला, बादशहा आधीच जेहोलला पळालेला, मागे उरला त्याचा भाऊ राजपुत्र कुंग. त्याच्याकडे जाऊन हा सांगतो: मी मधे पडतो, या लोकांना शहराबाहेर काढतो, फक्त माझ्या कागदावर सही करा. गंमत म्हणजे इंग्रज-फ्रेंच तसेही निघालेच होते. पैहो नदी गोठायच्या आत फौज जहाजांवर चढवणं त्यांना भाग होतं. १४ नोव्हेंबर १८६० ला सही झाली आणि चीनचा जपानी समुद्रावरचा किनारा गेला. तेव्हा हा २८ वर्षांचा.

फौज दुसऱ्याची, धाक दुसऱ्याचा, मुलूख आपला. डाव अफलातून आहे, नाही कोण म्हणतो? पण माझं म्हणणं असं की याच यशाने तो बिघडला. गाठीला बळ नसताना मागेल ते मिळतं, हा समज त्याच्या मनात घट्ट बसला. १८७८ मध्ये रशियन फौज कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीवर पोचली तेव्हा ती प्लेव्हनाच्या वेढ्याने थकलेली होती, मार्मारा समुद्रात इंग्रजांचं आरमार घुसलं होतं, आणि ऑस्ट्रियाला रशियाने लेखी कबूल केलं होतं की बाल्कनमध्ये मोठं स्लाव राज्य उभं करणार नाही (जानेवारी १८७७चा बुडापेस्ट करार). तरी याने एजियन समुद्रापर्यंत पसरलेला बल्गेरिया कागदावर आणला. चार महिन्यांत बर्लिनच्या परिषदेत त्याचे तीन तुकडे झाले. वर ऑस्ट्रियाला बोस्निया आणि इंग्रजांना सायप्रस. युद्ध रशियाने लढायचं आणि वाटा न लढलेल्यांनी न्यायचा, याला मुत्सद्देगिरी म्हणायचं?

काळासमुद्र

दप्तरदार, लेख फर्मास, निष्कर्ष चुकीचा.

पेकिंगबद्दल तुम्ही "ते तसेही निघालेच होते" असं म्हणता, जणू नशिबाने साधलं. अहो, ते निघणार हे त्याला माहीत होतं आणि कुंगला माहीत नव्हतं, हीच तर सगळी मेख! ही माहिती मिळवायला तो दोन्ही छावण्यांत ऊठबस ठेवून होता. इंग्रजांचा एल्गिन, फ्रेंचांचा बॅरन ग्रो, दोघांनाही वाटत होतं हा आपल्याला मदत करतोय. आणि मिळवलेलं टिकलं बघा. १९६९ मध्ये उसुरीतल्या एका बेटावरून सोव्हिएत आणि चिनी सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते तेव्हाही हद्द इग्नातिएव्हचीच होती. २०२० मध्ये बीजिंगच्या रशियन वकिलातीने याच किनाऱ्यावरच्या व्लादिवोस्तोकच्या १६०व्या वर्षाचा आनंद चिनी समाजमाध्यमावर साजरा केला, तर खाली चिनी लोकांनी शिव्यांचा पाऊस पाडला. तह इतकी वर्षं टिकलाय आणि अजून झोंबतोय.

सान स्तेफानोचं खापर एकट्याच्या माथी का? डिसेंबर १८७६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सहा सत्तांची परिषद भरली. तिच्या आधीच्या बैठका रशियन वकिलातीतच झाल्या, यजमान हाच. तिथे इंग्रजांच्या सॉल्सबरीने बल्गेरियन प्रदेशाच्या स्वायत्ततेचा जो नकाशा मान्य केला त्यात मॅसेडोनियाचा बराच भाग होता. सव्वा वर्षापूर्वी इंग्रजांनीच पुसट मान्य केलेली रेघ याने ठळक केली. मग बर्लिनला रशियातर्फे कोण गेलं? गोर्चाकोव्ह आणि लंडनचा रशियन राजदूत शुवालोव्ह. ज्याने तह केला त्याला पाठवलंच नाही. वकील बदलून खटला हरायचा आणि दोष पहिल्या वकिलाला द्यायचा.

दप्तरदार

त्या परिषदेच्या योजनेत बल्गेरियाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन प्रांत होते, सुलतानाच्या छत्राखाली, आणि एजियनचा किनारा त्यात नव्हता. सान स्तेफानोत एकच अखंड राज्य, समुद्रासकट, आणि वर दोन वर्षं रशियन फौजेचा मुक्काम. याला "रेघ ठळक केली" म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं!

वैनगंगा

सगळे बाल्कन आणि चीन करताय, आपला संबंध कुणी काढतच नाही. खिव्याची शिष्टाई कुठल्या साली? १८५८. जून महिन्यात ग्वाल्हेर पडलं, राणी लक्ष्मीबाई गेल्या, तात्या टोपे राजपुतान्याकडे निघाले, आणि त्याच जूनमध्ये हा गृहस्थ ओरेनबर्गहून काफिला घेऊन खिव्याच्या वाटेवर होता. इंग्रजांशी लढायचं तर ते आशियातच, हिंदुस्थानच्या वाटेवर, हे त्याचं लंडनपासूनचं मत. सेंट पीटर्सबर्गने त्याला थोडं बळ दिलं असतं तर आपल्या इतिहासाला वेगळं वळण लागलं असतं. आणि दुसऱ्या बाजूने बघा, पुढे रशियन काबूलला पोचले म्हणून इंग्रजांनी दुसरं अफगाण युद्ध काढलं आणि जुलै १८८० मध्ये मैवंदला बॉम्बे ग्रेनेडियर्स कापले गेले. ते पापही याच्याच खात्यात.

मोडीवाचक

वैनगंगा, दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते आहे.

१८७८ मध्ये काबूलला गेलेली शिष्टाई जनरल स्तोलेतोव्हची. तो तुर्कस्तानच्या गव्हर्नर जनरल काउफमनच्या हाताखालून निघाला. त्या उन्हाळ्यात इग्नातिएव्ह मर्जीतून उतरलेला होता, त्याला कुणी विचारत नव्हतं. मैवंद त्याच्या खात्यात टाकता येणार नाही.

"थोडं बळ" म्हणजे किती, तेही बघा. ओरेनबर्ग ते खिवा प्रवास मुख्यतः उंट आणि घोड्यांवर. आमू दर्यातून रशियन बोटी चालवायची परवानगी मागितली तर खिव्याच्या खानाने साफ नाकारली. बुखाऱ्याच्या अमीर नसरुल्लाने (१८४२ मध्ये स्टॉडर्ट आणि कोनोली या दोन इंग्रज अधिकाऱ्यांची मुंडकी उडवणारा तोच) गोड बोलून काही रशियन कैदी सोडले आणि सवलतींची वचनं दिली. जिथे नदीतून एक बोट नेता येत नव्हती तिथून झाशीला मदत कशी पोचणार होती?

मात्र आपला खरा संबंध आहे, आणि तो थेट सान स्तेफानोचाच आहे. रशियाला दाखवायला इंग्रज पंतप्रधान डिझरायलीने एप्रिल १८७८ मध्ये सुमारे ७,००० हिंदी सैनिक माल्टाला पाठवायचा हुकूम काढला. जहाजं मुंबईहून सुटली आणि त्यात बॉम्बे आर्मीच्या पलटणीही होत्या. दख्खनमधला १८७६-७८चा दुष्काळ अजून ओसरत होता. एजियनवरच्या एका बंदरासाठी मुंबई इलाख्यातला शिपाई भूमध्य समुद्रात बंदूक घेऊन उभा. त्या काळच्या लंडनमध्येही यावर ओरड झाली. हिंदी फौज युरोपात आणायची आणि पार्लमेंटला आधी सांगायचंही नाही, म्हणून.

वैनगंगा

मैवंद सोडा. पण १८५७च्या काळात इंग्रजांना उत्तरेची धास्ती होती हे तरी मान्य कराल? नुसता काफिला हलला तरी कलकत्त्याची झोप उडायची. भीती घालण्यावर जगणाऱ्या माणसाला बोट कशाला लागते?

पोटभाडेकरू

भीतीवरून आठवलं. कॉन्स्टँटिनोपलमध्ये या साहेबांना लोक "मेंतिर पाशा" म्हणत, म्हणजे थापाड्या पाशा. सुलतान अब्दुल अझीझचा वजीर महमूद नेदिम याच्या इतका मुठीत की गावात त्याला "नेदिमोव्ह" म्हणायचे 😄 ऑक्टोबर १८७५ मध्ये त्याच वजिराने सरकारी कर्जाचं अर्धं व्याज रोखीत द्यायचं थांबवलं, लंडन-पॅरिसचे रोखेधारक बुडाले, आणि यामागे रशियन वकिलात आहे अशी कुजबूज सगळीकडे. खरं असो नसो, लोकांना ते खरं वाटलं यातच सगळं आलं.

माझा मुद्दा साधा. ज्या मुत्सद्द्याच्या शब्दावर कुणाचाच विश्वास नाही त्याची हुशारी काय जाळायची? पेकिंगमध्ये चाललं, कारण कुंगला तो पहिल्यांदाच भेटत होता. कॉन्स्टँटिनोपलमध्ये १२ वर्षं त्याच लोकांसमोर तेच केल्यावर मे १८७६ मध्ये आधी जमावाने नेदिमला घालवलं, मग मंत्र्यांनी आणि लष्कराने सुलतानालाच, आणि मिधत पाशासारखे सुधारक वर आले. त्यांनी काय केलं? डिसेंबरमध्ये परिषद बसल्या दिवशी बाहेर तोफा उडाल्या. काय झालं म्हणून विचारलं तर उत्तर: साम्राज्याला संविधान मिळालंय, आता तुमच्या सुधारणांची गरज नाही. इग्नातिएव्हचा वर्षभराचा डाव एका तोफेच्या आवाजात उधळला.

काळासमुद्र

परिषद उधळली हे खरं, पण "विश्वास नाही" हे अर्धसत्य आहे. १८७०चं बल्गेरियन एक्झार्केट (स्वतंत्र धर्मपीठ) विसरलात? ग्रीक धर्मगुरूंच्या हाताखालून बल्गेरियन चर्च सुटलं, सुलतानाच्या फर्मानाने. इग्नातिएव्हला खरं तर ग्रीक आणि बल्गेरियन दोघांत समेट हवा होता. तो जमला नाही तेव्हा त्याने मिळालं ते पदरात पाडून घेतलं. चर्च कुणाचं, शाळा कुठल्या भाषेत, रजिस्टरात नाव कसं, यातून गावोगाव बल्गेरियन लोक मोजले जाऊ लागले. पुढचा नकाशा त्यातूनच आला. आज ३ मार्च हा बल्गेरियाचा राष्ट्रीय दिवस आहे, बर्लिनचा १३ जुलै नाही. सोफियात त्याच्या नावाचा गजबजलेला रस्ता आहे, मधून ट्राम जाते. प्लोव्हदिवजवळ अख्खं गाव त्याच्या नावाचं.

केतकीबन

इथवर सगळं वाचलं. चीन झालं, तुर्क झाले, रस्त्यांची नावं झाली. दप्तरदारांनी "१८८१-८२ मध्ये जेमतेम वर्षभर गृहमंत्री" असं एका ओळीत उरकलंय. त्या एका वर्षावर कुणी बोलणार आहे की नाही?

मार्च १८८१ मध्ये झार अलेक्झांडर दुसऱ्याचा बॉम्बने खून झाला. एप्रिलमध्ये येलिझावेतग्राडपासून ज्यूंवरच्या दंगली सुरू झाल्या, घरं आणि दुकानं लुटली गेली, कीव्हपर्यंत लोण गेलं. मे महिन्यात इग्नातिएव्ह गृहमंत्री झाला. त्याने काढलेला निष्कर्ष काय, तर ज्यू लोक खेडुतांना नाडतात म्हणून खेडुतांचा राग उसळला. म्हणजे ज्यांची दारं फुटली, दोषही त्यांचाच. चौकशीसाठी प्रांतवार समित्या नेमल्या, त्यांच्यासमोरचा प्रश्नच असा की ज्यूंच्या कोणत्या धंद्यांनी लोकांचं नुकसान होतं. उत्तर आधीच ठरलेलं. जानेवारी १८८२ मध्ये त्याने जाहीरपणे सांगून टाकलं की ज्यूंसाठी पश्चिमेची सरहद्द मोकळी आहे. सरळ शब्दांत, चालते व्हा.

मग मे १८८२चे नियम. ज्यूंना राहायची मुभा होती तो पश्चिमेकडचा पट्टा मुळातच आखलेला. आता त्यातही शहरं आणि बाजारगावं सोडून नव्याने वस्ती करायची नाही, खेड्यात जमीन-घर घ्यायचं नाही, रविवारी आणि ख्रिस्ती सणांना दुकान उघडायचं नाही. शनिवारी त्यांचा शब्बाथ, रविवारी सरकारी बंदी. आठवड्यातले दोन दिवस गल्ला बंद ठेवून पाच दिवसांत सात दिवसांचं पोट भरायचं. हिशेब कुणीही करावा.

आणि आणखी एक. ऑगस्ट १८८१ मध्ये याच्याच खात्याने राज्याच्या सुरक्षेचे "तात्पुरते" नियम काढले, मुदत तीन वर्षं: कुणालाही न्यायालयाबाहेर अटक, हद्दपारी, वर्तमानपत्रं बंद. मे १८८२चे नियमही "तात्पुरते". दोन्ही १९१७ पर्यंत राहिले. तुम्ही सान स्तेफानो चार महिन्यांत फाटला म्हणून रडताय. याचे टिकलेले कागद हे आहेत.

काळासमुद्र

केतकीबन, मे नियमांचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. पण चित्र पूर्ण असावं. दंगली तो मंत्री व्हायच्या आधी सुरू झाल्या. आणि याच माणसाने १८८२ मध्ये झेम्स्की सोबोर, म्हणजे जुन्या मॉस्कोच्या काळातली सर्व थरांची सभा, राज्याभिषेकाच्या वेळी पुन्हा बोलवायची योजना नव्या झारसमोर ठेवली. स्लावप्रेमी आक्साकोव्ह त्याच्या मागे होता. झारचा सल्लागार पोबेदोनोस्त्सेव्ह याला सुगावा लागला, त्याने झारचे कान भरले आणि इग्नातिएव्हची खुर्ची गेली. जागी आला दिमित्री तोल्स्तोय, पक्का दडपशाहीवाला. नुसता जुलमी असता तर या कारणाने हाकलला गेला असता का?

केतकीबन

ती सभा झारचं कौतुक करायला बोलवायची होती, झारला प्रश्न विचारायला नव्हे. सत्तेवर मर्यादा घालणारं एक कलम त्या योजनेत दाखवा. त्याच्या आधीच्या गृहमंत्र्याकडे बघा, लोरिस-मेलिकोव्ह, तोही जनरलच. आर्मेनियन घरातला, १८७७ मध्ये कार्सचा किल्ला घेणारा. त्याने निवडून आलेल्या लोकांना कायदे करताना सल्ल्याला बसवायची योजना तयार केली होती, आणि खून झाला त्याच सकाळी अलेक्झांडर दुसऱ्याने तिला मान्यता दिली होती. नव्या झारने ती गुंडाळली म्हणून लोरिस-मेलिकोव्हने राजीनामा दिला. इग्नातिएव्ह त्याच रिकाम्या खुर्चीत येऊन बसला.

टोरांटोकर

थोडं अवांतर. आमच्या कॅनडात २०११च्या निवडणुकीत लिबरल पक्षाचा जो दणदणीत पराभव झाला, तेव्हाचा त्यांचा नेता मायकल इग्नातिएफ हा याच काउंटचा पणतू. पणजोबांनी ज्यूंना सरहद्द दाखवली, नातवाचं (म्हणजे मायकलच्या आजोबांचं, १९१५-१६ मध्ये ते झारचे शिक्षणमंत्री होते) कुटुंब क्रांतीनंतर स्वतःच सरहद्द ओलांडून परागंदा झालं.

मोडीवाचक

टोरांटोकर, ते आजोबा म्हणजे काउंटचा मुलगा, नातू नव्हे. बाकी बरोबर.

दप्तरदारांच्या मूळ मुद्द्याकडे येतो. पेकिंगने तो बिघडला हे मला पटतं, पण त्यासाठी पुरावा तुम्ही वापरलाच नाही. प्योत्र शुवालोव्ह. तोही लष्करातला, वर आठ वर्षं झारच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख, मग लंडनला राजदूत. १८७८च्या मे महिन्यात त्यानेच सॉल्सबरीशी गुपचूप बसून ठरवलं की बल्गेरिया बाल्कन पर्वतापाशी कापायचा, बदल्यात रशियाने बेसारेबिया, कार्स आणि बातूम ठेवायचं. बर्लिनची परिषद १३ जूनला उघडली तेव्हा निम्मा नकाशा आधीच आखून झाला होता. बिस्मार्कच्या टेबलावर रशियाच्या हाती जे काही राहिलं ते शुवालोव्हने राखलं. बक्षीस काय मिळालं? मॉस्कोत त्याला देशद्रोही म्हणून शिव्या, आणि पुढच्या वर्षी राजदूतपद गेलं. टाळ्या मात्र इग्नातिएव्हला. अशक्य ते मागणाऱ्याला देशभक्त म्हणायचं आणि शक्य ते घेऊन येणाऱ्याला विकला गेलेला, ही रशियाची तेव्हाची हवा होती. इग्नातिएव्ह त्या हवेवर पुढची ३० वर्षं जगला. स्लाव मंडळाचा अध्यक्ष, शिपकाच्या स्मारक-चर्चच्या समारंभाला १९०२ मध्ये बल्गेरियात पायघड्या.

काळासमुद्र

म्हणजे शुवालोव्हने देऊन टाकलं ते शहाणपण आणि याने मागितलं ती चूक? मॅसेडोनिया सुलतानाला परत गेला, तिथल्या गावांचं पुढच्या ३५ वर्षांत काय झालं, १९१२-१३ मध्ये तिथे दोन युद्धं का झाली, हेही शुवालोव्हच्या हिशेबात धरा मग.

दप्तरदार

धरतो. पण मग तुमच्या हिशेबात १८८५ धरा. बल्गेरियाचे बर्लिनने तोडलेले दोन तुकडे बल्गेरियन लोकांनी स्वतःच जोडले, आणि विरोध कोणी केला? रशियाने. आपले अधिकारी परत बोलावले. १९१५ मध्ये तर बल्गेरिया जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरला. ज्या राज्यासाठी इग्नातिएव्हने ऑस्ट्रियाला दिलेला शब्द मोडला, इंग्रजांचं आरमार ओढवून घेतलं, मोडीवाचक म्हणतात तसे मुंबईचे शिपाई माल्टाला आणवले, त्या राज्याचा रशियाला उपयोग सात वर्षंही झाला नाही. व्लादिवोस्तोकमध्ये निदान बंदर तरी मिळालं.

केतकीबन यांच्या गृहखात्याच्या मुद्द्यावर मी एका ओळीत उरकलं, कारण धागा मुत्सद्देगिरीचा काढला होता. पण ती एक ओळ अपुरी आहे हे खरं. "सरहद्द मोकळी आहे" हे वाक्य आणि पेकिंगची सही एकाच डोक्यातून निघालेली आहे असं मला वाटतं: समोरचा अडचणीत आहे ना, मग आत्ताच मागून घ्या.

केतकीबन

कुंग निदान सही करायला टेबलावर होता. ज्यूंना कुणी टेबलावर बोलावलंच नव्हतं.